अळणी आगोट

वैशाख उतरणीला लागला की माझं नाक हुळहुळायला लागतं. डॉक्टर म्हणतात, धुळीचा त्रास आहे. मी मान डोलावते, कारण फी घेऊन सांगितलेल्या गोष्टीला नाही म्हणू नये. पण माझ्या नाकाला धूळबीळ काही कळत नाही, त्याला आगोट कळते. शेजारीण अंगणात जुन्या लुगड्यावर मिरच्या पसरते, वारा दिशा बदलतो, झावळ्या एकाएकी उलट्या बाजूने सळसळू लागतात, आणि मला सटासट शिंका सुरू होतात. तिसऱ्या-चौथ्या शिंकेला मी अलिबागजवळच्या नागावात, सासरी, पोचलेली असते, लग्नानंतरच्या माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात. एकोणीसशे तिसाच्या पुढेमागे कधीतरी.

आगोट म्हणजे पाऊस लागण्याआधीचे दोन-तीन आठवडे. हल्ली हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो, कारण पाऊस पडला तरी दुकान उघडं असतं. तेव्हा तसं नव्हतं. समुद्र एकदा बंद झाला की नारळी पौर्णिमेपर्यंत बंद, आणि मालाची ये-जा सुरळीत व्हायला त्यानंतरही महिना जायचा. मचवे वाळूवर ओढून घ्यायचे, झापांनी झाकायचे, मुंबईची बोटही थांबायची. घरात जे असेल त्यावर चार महिने काढायचे. म्हणून आगोटीत सगळा गाव भरणीच्या मागे लागलेला असे. फोडलेली लाकडं पडवीत, गोवऱ्या माळ्यावर, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या आढ्याला. मी गिरगावातली. आमच्या चाळीखालीच वाणी होता. पावशेर डाळ आणायची, संपली की पुन्हा जिना उतरायचा. सासरच्या पहिल्या आगोटीत सासूबाईंनी मला डाळीच्या राशीसमोर निवडायला बसवलं, तेव्हा मला वाटलं घरात एखाद्याची मुंज असावी.

ही डाळ, साखर, घासलेट, मिरची, सगळं यायचं ते रेवदंड्याच्या धनजीशेटच्या वखारीतून. धनजीशेट मूळचा कच्छकडचा, पण तीन पिढ्या बंदरावर काढलेल्या. बोलायला लागला की अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं गुजरातीत, आणि भाव सांगताना मात्र कुठल्याच भाषेत नाही, नुसती बोटं. आजूबाजूच्या गावांतले सगळे किरकोळ दुकानदार त्याच्याकडून माल उचलत. आगोटीत मात्र आमच्यासारख्या आळ्याच्या आळ्या एकत्र होऊन थेट त्याच्याकडे जात. वखारीत पाऊल टाकलं की गोणपाट, गूळ, खोबरं आणि घासलेट यांचा मिळून एकच वास यायचा. तो पातळाला लागला की दोन धुण्यांत जात नसे. मला तो आवडायचा, पण सुनेने असलं काही बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

माल स्वस्त कसा पडतो, हे मला शेटनेच सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे सासूबाईंना सांगत होता आणि मी मागे उभी होते. इथून त्याचे मचवे नारळ, सुपारी, वाल, पांढरे कांदे भरून मुंबईला जात. तिथून डाळी, साखर, घासलेटाचे डबे भरून येत. "मछवो खाली जाय तो दरियोय हसे," तो म्हणायचा. रिकामा मचवा गेला तर समुद्रसुद्धा हसतो. आणि पेणच्या खाडीवरून मीठ आणायचं ते वेगळं भाडं देऊन नव्हे. माल कमी असला की मचवा लाटेवर डुलतो, म्हणून त्याच्या बुडाशी वजनाला मिठाच्या गोण्या टाकत. मचवाही स्थिर आणि मीठही घरपोच. त्यामुळे मीठ आमच्याकडे अगदी मातीमोल असे, आणि मातीमोल वस्तूची आठवण कोण ठेवतो?

खरं म्हणजे घाऊक व्यापाऱ्याचं कौतुक कुणी करत नाही. देवळाला घंटा दिली की देणाऱ्याचं नाव घंटेवर कोरतात. गावाला डाळ स्वस्त दिली तर नाव कुठे कोरणार? उलट सगळ्यांची खात्री असते की हा मध्ये बसून खातो. खात असेलही. उपाशीपोटी कोणी वखार चालवत नाही. पण तो मध्ये नसला की काय होतं, हे बघायची वेळ सहसा येत नाही. आमच्यावर आली, आणि ती आणली आमच्या मामंजींनी.

मामंजींना सगळी आळी अण्णा म्हणायची. माणूस नारळासारखा, म्हणजे आत पाणी गोड, पण तिथवर पोचायला कोयता लागायचा. त्या वर्षी चैत्रात ते माझ्या माहेरी एका लग्नाला मुंबईला गेले आणि जाता जाता मशीद बंदरच्या बाजारात तूरडाळीचा भाव विचारून आले. परत आले ते रागाने लाल होऊन. शेटचा भाव दोन पैशांनी वर होता!

"हा धनजी मध्ये बसून करतो काय?" ओटीवर येरझारा घालत ते म्हणाले. "तिकडची गोणी उचलून इकडे ठेवतो. एवढंच ना? मग मला काय हात नाहीत?"

"हात आहेत, वखार नाही," आतून सासूबाई म्हणाल्या. त्या बोलायच्या कमी, पण नेम धरून.

अण्णांनी तिथल्या तिथे शपथ घेतली. ही आगोट सरेपर्यंत त्या धनजीचं तोंड बघणार नाही. आळीची सगळी भरणी मी स्वतः मुंबईहून आणीन. मधला माणूस नको!

आळीची बैठक बोलावली. दिवसभर पुरुषमाणसं वाडीत, शिंपणं आणि नारळ उतरवणं आटोपून ती येणार दिवेलागणीनंतर. म्हणून कंदील लावून ओटीवर सगळे जमले. अण्णांना आपल्या स्मरणशक्तीचा भारी अभिमान. लिहून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. एकेक जण सांगे आणि ते पाढे म्हटल्यासारखे घोकत. चारचौघांत बसून आपली गरज सांगायची म्हटल्यावर कोण कमी सांगणार?

"अण्णा, आमची साखर जरा सढळ धरा. जावई येतो हाय," शेजारचे बाळूकाका म्हणाले. त्यांचा जावई लग्न झाल्यापासून दोनदाच आला होता.

"चहाची पेटी हाय ना धरलेली?" ज्याच्या घरी चहा फक्त तापात मिळायचा त्याने विचारलं.

दाराआड आम्ही बायका उभ्या होतो. सासूबाईंचे ओठ उघडलेले मी पाहिले आणि मिटलेलेही पाहिले. शेजारच्या काकूंनीही तोंड उघडून मिटलं. आमच्याकडे दिवेलागणीनंतर मीठ घराबाहेर द्यायचं नाही, घरात आणायचं नाही आणि त्याचं नावही काढायचं नाही. काढलं तर लक्ष्मी उठून जाते. जेवताना लागलंच तर 'ते जरा वाढ' म्हणायचं. तेव्हा तूरडाळ झाली, हरभराडाळ झाली, मिरची, जिरं, राई, घासलेट, काड्यापेट्या, सगळं झालं. मीठ कुणाच्याच तोंडून निघालं नाही. प्रत्येकीला वाटलं, सकाळी सांगू.

अण्णा पहाटेच्या ओहोटीबरोबरच निघाले. आक्षीच्या राघो तांडेलाचा मचवा त्यांनी ठरवला होता. सासूबाई उजाडल्यावर कळशी घेऊन विहिरीवर आल्या आणि मला विचारलं, "गेले?" मी म्हटलं, "गेले." त्यांनी कळशी खाली ठेवली, सूर्याकडे एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मीठ!" पण आता ते ऐकायला मी आणि रहाटच होतो.

त्यांचा जीव का कासावीस झाला ते सांगते. मिठाचं मडकं तळाला गेलेलं होतं. ते तर झालंच. पण लोणच्याच्या कैऱ्या उतरवून माजघरात ठेवल्या होत्या. आठवडाभर थांबल्या तर पाडाला लागणार, आणि मिठाशिवाय चिरल्या तर दोन दिवसांत बुरशी. पावसात भाजी नाही, बाजार नाही, चिखलातून कुठे जाणं नाही. आषाढात आमच्या पानात भाताशेजारी जे काही असायचं ते म्हणजे हेच लोणचं. आळीतल्या निम्म्या घरांतही सासूबाईंच्याच हातचं लोणचं जायचं. त्यांना दागिन्यांची हौस नव्हती, गाण्याची नव्हती. त्यांचं जगात जे काही नाव होतं, ते त्या बरण्यांत होतं.

मुंबईत काय झालं ते नंतर राघोने सांगितलं, अण्णांनी नाही. अण्णा पेढीवर जाऊन अडीच शेर जिरं मागू लागले. मुनीम त्यांच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, इथे गोणी मिळते, शेर मिळतो तो पलीकडच्या गल्लीत. पलीकडच्या गल्लीतला भाव शेटच्याही वर. मग अण्णांनी छाती पुढे काढून गोणीच घेतली. जिऱ्याची गोणी, राईची गोणी. आणि बडीशेपेचीही, जी कुणी मागितलीच नव्हती, पण मुनीम म्हणाला की घेताय तर भाव सोडतो.

भाड्यावरून आक्षीच्या धक्क्यावर थोडी बोलाचाली झाली. "अण्णा, मचवा जाताना रिकामा गेला ना? शेट जातानाबी भरून देतो नि येतानाबी," राघो समजुतीने म्हणाला. "तुम्ही येतानाच भरलात. पर माझी माणसं दोन्ही वेळेला जेवली!" नारळ भरून न्यावेत हे अण्णांना सुचलंच नव्हतं. नारळाच्या वाडीचे मालक होते ते.

माल आला आणि आमचं घर गेलं. पडवीत गोण्या, माजघरात गोण्या, झोपाळ्यावर चहाच्या पेट्या. मिरचीची गोणी उघडली तेव्हा समुद्राकडून वारा सुटला आणि सगळी आळी शिंकू लागली. मोजणारा शिंकला की आकडा विसरे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजे. मोठा तराजू गावात कुणाकडेच नव्हता, तो शेटकडे. म्हणून ज्याने त्याने आपापली पायली आणली. तेव्हा असं उघडकीला आलं की आळीत जितकी घरं तितक्या मापांच्या पायल्या आहेत, आणि काही घरांत दोन, द्यायची वेगळी आणि घ्यायची वेगळी. मिरची पायलीने मोजणार कशी? घेणारा दाबून भरी, बघणारा ओरडे. साखरेची बातमी मुंगळ्यांना आमच्या आधी लागली होती. ज्यांनी बैठकीत सढळ साखर सांगितली होती ते आता हळूच म्हणू लागले, "थोडा गूळ असता तर..." गूळ कुणी सांगितलाच नव्हता. गूळ खातो असं चारचौघांत कोण सांगेल?

पण खरं भांडण जुंपलं ते गोणीच्या तळावरून. वरची डाळ टपोरी, तळाला चुरा, फोलपटं आणि खडे. तळ कुणी घ्यायचा? बाळूकाका म्हणाले, आम्ही आधी आलो. दुसरे म्हणाले, आम्ही पैसे जास्त दिले. शेटच्या वखारीत हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, कारण तिथे तळ शेटचा. उंदराने फोडलेली गोणी त्याची, दमट लागलेली साखर त्याची, न खपलेली बडीशेप त्याची. हे सगळं त्या दोन पैशांत येत होतं, हे आम्हाला आमच्याच पडवीत उभं राहून, शिंकता शिंकता समजलं. आता तळ अण्णांचा झाला. आम्ही तो बरेच दिवस वेचत होतो. आणि एवढं करून डाळ शेटच्या भावापेक्षा महागच पडली होती.

त्याच दुपारी, लख्ख उन्हात, सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "आणि मीठ?"

अण्णांनी मनातल्या मनात सगळा पाढा म्हटलेला त्यांच्या ओठांवरून दिसला. मग म्हणाले, "मीठ कुणी सांगितलं होतं?"

समोर सबंध समुद्र पसरलेला. पण ते पाणी घरी आटवून मीठ करणं तेव्हा सरकारी गुन्हा होता, आणि अण्णा सरकारला नाही तरी सरकारी शिपायाला भीत. गावातल्या दुकानदाराकडे विचारलं, तर त्याचं मीठ नेहमी शेटच्या शेवटच्या खेपेबरोबर यायचं. म्हणजे सगळे रस्ते रेवदंड्याला, आणि रेवदंड्याला शपथ आडवी. "चार महिने भाताला तोंडी लावायला काय वाढू?" सासूबाईंनी विचारलं. "तुमची शपथ?"

अण्णा हटले नाहीत. मग घरात अळणी पर्व सुरू झालं. मडक्यातलं उरलंसुरलं मीठ सासूबाईंनी कैऱ्यांसाठी राखलं, तेही पुरणारं नव्हतंच, आणि अण्णांच्या पानातली आमटी सरळ बिनमिठाची केली. अण्णा जेवताना म्हणत, "वाह! वालाची खरी चव आजवर कळलीच नव्हती." एके दिवशी तर म्हणाले की मीठ ही मुळात एक सवय आहे. मी ताट उचलताना पाहिलं, निम्मा भात तसाच होता. रात्री ते कोरडी बडीशेप चघळत पडत. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. हट्टी माणूस एकटा पडला की फार केविलवाणा दिसतो.

कैऱ्यांचा हिरवा रंग उतरू लागला, तेव्हा सासूबाईंनी ठरवलं. वाडीतल्या नारळांची मोट घेऊन राघो रेवदंड्याला चालला होता. त्याच्याजवळ त्यांनी निरोप दिला, शेटला सांग, मीठ धाड. भर सकाळी दिला, मुद्दाम. अण्णांना कळवलं नाही. नवऱ्याची शपथ मोडायची नाही आणि लोणचंही मोडायचं नाही, एवढाच त्यांचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी दुपारभर आम्ही रस्त्याकडे डोळे लावून बसलो. दक्षिणेकडून ढग चढत होते, समुद्राचा आवाज बदलला होता. बैलगाडी आली ती नेमकी तिन्हीसांजेला. चौलच्या वळणावर चाक वाळूत रुतलं होतं, म्हणून उशीर. गाडीत मिठाच्या गोण्या आणि गाडीवानाशेजारी खुद्द धनजीशेट, टोपीवर पंचा बांधून.

शेट खाली उतरला आणि आकाशाकडे बघून हळहळला. "बेन, दिवाबत्तीचा टाइम झाला. आता हे उतरवता नाय यायचं." तोही पाळणारा. गाडी रात्रभर बाहेर ठेवावी, तर वरून पाऊस येतो आहे. पावसात मिठाची गोणी म्हणजे सकाळी ओलं गोणपाट. मी काडीपेटी हातात घेऊन देवापाशी उभीच होते. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"सूनबाई, काडी ओढशील तर बघ!" आणि मग आळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आज कुणी दिवा लावायचा नाही! मी सांगेपर्यंत दिवेलागण झालेली नाही!"

आणि नाही झाली. सगळी आळी काळोखात बसली. एकाही घरात ज्योत नाही. कुणीतरी तुळशीपुढची पणती लावायला निघालं होतं, त्याला त्याच्याच आईने मागे ओढलं. त्या अंधारात माणसं गाडीभोवती जमली. पायरीवर कुणी ठेचकाळलं, कुणी दुसऱ्याच्याच घरात गोणी नेऊन ठेवली. गोण्या जड, हात कमी. मी दारात उभी होते. ओटीवरून एक उंच आकृती उतरली, मुकाट्याने गाडीपाशी गेली आणि गोणीचं एक टोक धरलं. दुसरं टोक आखूड, रुंद आकृतीने धरलं होतं. चेहरा कुणाचाच दिसत नव्हता. शपथ शाबूत होती.

"भाव?" उंच आकृतीने गोणीवरून विचारलं.

"गया वरसनो," पलीकडून उत्तर आलं. गेल्या वर्षीचाच.

"गाडीभाडं?"

"गाडी तर येणारच होती. अण्णा, राई जास्ती आहे ना तुमच्याकडे? जिरू? ती वरियाळी, बडीशेप? मला पाहिजे. अलिबागवाले मागतात." त्याने गोणीची पकड बदलली. "तळाची असेल तरी चालेल."

गोणी घेऊन दोघं पायऱ्या चढले. त्यांना धाप लागलेली ऐकू येत होती, दोघांनाही. मला आजही कळत नाही, शेट आला तो चांगुलपणाने की पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाइकासाठी. दोन्ही असेल. दोन्ही असायला हरकत काय आहे?

शेवटची गोणी आत आली आणि पत्र्यावर टपटप झाली. सासूबाई म्हणाल्या, "लाव आता दिवा." मी काडी ओढली, आणि आळीत एकामागून एक दिवे लागले. शेटला त्या वेळी परत पाठवणं शक्यच नव्हतं. पानं मांडली. अण्णा आणि शेट समोरासमोर, अण्णांची नजर पानात.

आता आमटीचं सांगते. मीठ घरात आलं त्या आनंदात मी अंधारातच, निखारे राखेखाली झाकलेल्या चुलीवरच्या आमटीत मूठ टाकली होती. सासूबाईंनीही टाकली होती. अंधारात एकमेकींना दिसलो नव्हतो. शेटने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "सरस, बेन," तो म्हणाला आणि भांडंभर पाणी प्यायला. अण्णांनी भुरका मारला. मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी. आठवडाभर बिनमिठाच्या आमटीची स्तुती करणारा माणूस आता काय म्हणतो?

अण्णांनी वाटी खाली ठेवली. मान वर केली. त्या आगोटीत पहिल्यांदाच त्यांनी धनजीशेटच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"शेट," ते म्हणाले, "खारट झालीय हो. फार खारट."

"बहु खारी छे, अण्णा!" शेट म्हणाला, आणि दोघांनीही एकदमच वाटी पुढे केली, आणखी वाढ म्हणून.